नवख्याची पाठ, जुन्याचा हात

ज्युदोच्या वर्गांतील जुन्या आणि नव्या विद्यार्थ्यांच्या नात्याविषयी आलेल्या चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी परभणीत ज्युदो शिकतो, माझा ब्राउन बेल्ट आहे. महिन्यापूर्वी आलेला एक धिप्पाड तरुण रांदोरीत, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावात, अंग ताठ करतो, हिसके देतो. त्यात दोनदा माझे बोट मुरगळले. त्याला एकदा सणकून आपटल्याशिवाय तो वठणीवर येणार नाही, असे मित्र म्हणतात.

उत्तर : मित्रांचे ऐकू नका. असा ताठरपणा बहुधा माजाचा नसतो, पडण्याच्या भीतीचा असतो. भ्यालेल्याला आपटले की तो आणखी ताठ होतो, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून यायचाच थांबतो. शिवाय महिनाभरात उकेमी, म्हणजे हनुवटी छातीशी ठेवून हाताने गादीवर थाप मारत पडण्याची सवय, अंगवळणी पडलेली नसते. ओसोतो-गारी, म्हणजे समोरच्याचा पाय आपल्या पायाने मागून उडवून त्याला पाठीवर पाडण्याचा डाव, लावला की असा माणूस सरळ पाठीमागे कोसळतो, मान मागे जाते आणि डोके आपटते. जपानमधील शाळांत ज्युदोमुळे डोक्याला झालेल्या गंभीर दुखापतींत नवशिक्यांची संख्या मोठी होती आणि त्यांत हाच डाव वारंवार आढळला. आपल्याकडे तर कितीतरी वर्ग शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या सभागृहात, शहाबादी फरशीवर पातळ गाद्या अंथरून चालतात, आणि दोन गाद्यांमधली फट कधी रुंदावली हे टाकण्याच्या भरात कोणी पाहत नाही.

म्हणून पहिले काही महिने त्याच्यावर ओसोतो-गारी लावूच नका. टाकायचेच असेल तर ओ-गोशीसारखा कंबरेवरचा डाव सावकाश घ्या आणि त्याची बाही धरलेला हात शेवटपर्यंत सोडू नका. तो गादीला टेकत असताना बाही वर ओढून धरली की खांदा उचलला जातो आणि डोके वाचते. ब्राउन बेल्टची परीक्षा माझ्याकडे असती तर मी डावापेक्षा हा हात पाहिला असता. त्याखेरीज रोज पाच-सहा वेळा त्याला डाव लावू द्या आणि स्वतः नीट पडून दाखवा, कारण पडून माणूस हसत उठतो हे जवळून पाहिल्यावर अंग आपोआप सैल होते. बोटाची तक्रार मात्र रास्त आहे, पण ती डावातून नव्हे, तोंडाने सांगा.

प्रश्न : लातूरच्या आमच्या वर्गात आम्ही पाच जण जुने आहोत आणि नव्या मुलाला प्रत्येक जण वेगळेच सांगतो. कोणाचे बरोबर धरावे?

उत्तर : सर ज्याला नेमतील त्याचे, आणि त्यानेही एका तासात एकच चूक दुरुस्त करावी. (सूचना देण्याची हौस पुष्कळदा दम लागल्यावरच येते, हेही मी पाहिले आहे.)

प्रश्न : मी उदगीरचा जुना पैलवान. आमच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला मातीत घोळसून काढत, त्यातूनच तो घडे. तुमचे हे जपणे म्हणजे लाड नव्हेत का?

उत्तर : आपण आपलीच आठवण पुन्हा एकदा तपासावी. ती माती रोज खणून, तेल-ताक घालून मऊ केलेली असे. नवा पोरगा आधी जोर-बैठकांत घामाघूम होई, जोड वजन आणि वय पाहून लागे, आणि थोरला पैलवान धाकट्याशी खेळताना अंग सोडून त्याला डाव मारू देई. घोळसणे होते, पण ते वस्तादाच्या नजरेखाली होते. १८८२ साली तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापणाऱ्या जिगोरो कानो यांनी पुढे ‘जिता क्योएइ’, म्हणजे स्वतःचे आणि दुसऱ्याचे भले बरोबरीने साधणे, हे ज्युदोचे तत्त्व म्हणून मांडले. तालमीला ते नाव ठाऊक नव्हते, एवढाच फरक. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असे आपण म्हणतो. नवख्यापुढे तर जुन्याने निम्म्याहून अधिक डाव राखून ठेवावे लागतात.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी बीडमध्ये दोन महिन्यांपासून शिकते. मोठी मुले तिला ‘मुलगी आहे’ म्हणून धड पकडतही नाहीत. मागच्या आठवड्यात पडून तिचे डोके दुखू लागले, तर एक दादा म्हणाला, “पाणी पी आणि उभी राहा.” हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. डोक्याला मार लागून दुखू लागले की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबला पाहिजे आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा गादीवर उतरू नये, कारण पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो जीवघेणा ठरू शकतो. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. अजून तिला दाखवले नसेल तर आधी दाखवून घ्या. त्या दादाचा हेतू वाईट नसेलही, पण तेरा वर्षांची मुलगी दादाला नाही म्हणू शकत नाही, हे त्याला कळायला हवे होते आणि सरांनी ते त्याला सांगायला हवे.

धड न पकडणे हाही अन्यायच आहे, कारण सैल पकडीवर शिकलेला डाव खऱ्या पकडीपुढे टिकत नाही. तिच्या वजनाच्या जवळपासचा जोडीदार मागून घ्या. परतल्यावर पहिल्याच दिवशी सर्वांसमोर तिला एक सराव करू द्या : जमिनीवरच्या पकडीत तिने जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारायची आणि त्याने, तो कितीही जुना असला तरी, त्याच क्षणी सोडायचे.