किल्ल्याच्या आवारात आधुनिक इमारत बांधायची, पण डोळ्यांत खुपू द्यायची नाही. हे कसं जमतं?

मी आर्किटेक्ट आहे. कॉलेजात असताना किल्ल्यातल्या संग्रहालयाचा प्रोजेक्ट होता. नवी इमारत जुन्यात मिसळावी म्हणून मी तिलाही चर्या (तटावरचे कंगोरे), कमानी, बुरूज सगळं चढवलं. सर मॉडेल बघून म्हणाले, "लग्नाचा सेट का रे हा?"

तेव्हापासून मी नक्कल सोडली. खोट्या बुरुजामुळे शेजारच्या खऱ्याबद्दलही शंका येते. नव्याने नवंच दिसावं, फक्त आवाज खाली ठेवावा. सगळं कसब जुनं-नवं जिथे भेटतं त्या सांध्यात.

इटलीत व्हेरोनाला कास्तेलवेक्यो हा चौदाव्या शतकातला किल्ला आहे. आर्किटेक्ट कार्लो स्कार्पाने केलेलं तिथलं संग्रहालय १९६४ साली खुलं झालं. त्याआधी, १९२०च्या दशकात, कोणीतरी अंगणाकडच्या भिंतीत दुसरीकडून आणलेल्या गॉथिक (मध्ययुगीन युरोपीय शैलीच्या) खिडक्या बसवून तिला जुनं रूप दिलं होतं. (म्हणजे माझीच चूक, फक्त खऱ्या दगडात.) स्कार्पाने त्या खिडक्या ठेवल्या, पण काचेच्या चौकटी आत सरकवल्या आणि त्यांच्या पट्ट्या मुद्दाम दगडी खांबांशी जुळू दिल्या नाहीत. भिंत नुसता मुखवटा आहे हे लगेच कळतं. मी मात्र सर्वांत जास्त वेळ फरशी बघत बसलो. काँक्रीटची फरशी, कडेला दगडी पट्टी, मग मोकळी फट आणि पलीकडे भिंत. फरशी भिंतीला टेकतच नाही.

डेन्मार्कचं कोल्डिंगहूस, म्हणजे तिथला जुना राजेशाही किल्ला, १८०८ मध्ये जळालं. विसाव्या शतकात एक्सनर या आर्किटेक्ट दांपत्याने तिथे नवं छत स्वतंत्र लाकडी खांबांवर उभं केलं आणि पडलेल्या भिंतीच्या जागी ओक लाकडाच्या चकत्यांची भिंत छतालाच टांगली. जुन्या विटांवर नवा भार नाही.

आपल्याकडे किल्ला केंद्र-संरक्षित असेल तर १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर परवानगीचे. ती चौकशी आधी करा, पेन्सिल नंतर.

आणि ती फट इटलीतून जशीच्या तशी उचलू नका. आपल्या पावसात तिच्यात पाणी साचतं, मग माती, मग पिंपळ. जुलैत एकदा किल्ल्यावर जा, भिंतीवरून पाणी कुठे उतरतं ते बघा आणि मग सांधा कागदावर काढा.