एक-दोन भ्रूणं का पुरत नाहीत?

प्रश्न: गाईंमध्ये प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून वासरं जन्माला येतात. डुकरांत मात्र एकाच मादीच्या गर्भाशयात डझनांनी भ्रूणं सोडतात असं वाचलं. एवढी कशाला?

उत्तर: कारण डुकरिणीला एका भ्रूणाची हाक ऐकूच जात नाही. साधारण अकराव्या-बाराव्या दिवशी भ्रूणं इस्ट्रोजेन हे संप्रेरक सोडून आपण आल्याचं गर्भाशयाला कळवतात. तेव्हा निदान चार भ्रूणं जिवंत नसली तर डुकरीण पुन्हा माजावर येते आणि जी असतात तीही जातात. गाईचं एकाच भ्रूणावर भागतं. त्यात आमच्या प्रयोगशाळेतल्या डिशमधली सगळीच भ्रूणं तग धरत नाहीत, म्हणून जास्त सोडावी लागतात.

खरी अडचण मात्र त्याआधीची आहे. या कामात मी बरीच वर्षं घालवली, पण पहिल्याच महिन्यातली एक सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही. 39 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये 44 तास पिकवलेली बीजांडं, त्यांत शुक्राणू सोडलेले. पुढच्या दोन दिवसांत बरीचशी छान दुभंगली आणि मला आकाश ठेंगणं झालं. त्याच खेपेतली काही बीजांडं मी आधीच रंगवून ठेवली होती. ती मायक्रोस्कोपखाली धरली, तर एकेकात तीन-तीन, चार-चार शुक्राणूंची डोकी! एकच शिरायला हवा. असं भ्रूण वरून अगदी निरोगी दिसतं, विभागतंही, पण त्यातून पिल्लू होण्याची आशा फार कमी. मादीच्या बीजवाहिनीत बीजांडापर्यंत मोजकेच शुक्राणू पोचतात. डिशमध्ये तो पहारा नसतो. शुक्राणू कमी टाकावेत, तर बीजांडं कोरीच राहतात. हा तोल साधण्यातच आमचं निम्मं कौशल्य जातं.

शिवाय डुकराचं बीजांड चरबीने इतकं गच्च असतं की काळसर दिसतं, आत काय चाललंय ते कळत नाही. ती चरबी थंडीलाही भारी हळवी. तापमान 15 अंशांखाली गेलं की भ्रूणं मरतात, त्यामुळे गोठवून ठेवायचं तंत्रही गाईच्या मानाने उशिरा जमलं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मनात येईल. जनुकं बदललेलं डुकराचं हृदय 2022 साली अमेरिकेत माणसाला बसवलं. रुग्ण दोन महिने जगला. तसं डुकरू प्रयोगशाळेतल्या भ्रूणातूनच घडतं. अवयवाची वाट पाहत झुरणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून मला ही मेहनत मोलाची वाटते. मात्र भ्रूणं सोडण्यासाठी ज्या डुकरिणीच्या पोटावर आपण शस्त्रक्रिया करतो, तिच्या वेदनाशमनात काटकसर केलेली मला खपत नाही. पुढचे सुमारे साडेतीन महिने ती पिल्लं तीच वाढवणार असते.