मनात प्रेम नसताना सेवा केली तर ते ढोंग होतं का?

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आज लिहूनच टाकते. ख्रिस्ती घरांतून तर जास्तच, कारण "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे लहानपणापासून कानावर असतं आणि मग घरातल्याच माणसाबद्दल आत काही वाटेनासं झालं की आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून बाई आतल्या आत कुढत बसते.

त्यातल्याच एकीची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वास्कोतलं मराठी ख्रिस्ती कुटुंब, नवरा शिपवर, सहा-सहा महिने घरी नसतो, ही वेर्ण्याला कंपनीत कामाला आणि घरी सासूबाई, लकव्याने डावी बाजू गेलेली पण बोलणं शाबूत, आणि लग्नापासून त्यांनी हिला जे काय ऐकवलंय ते ऐकून माझ्याच पोटात कालवलं. "ताई, पेज भरवते, डायपर बदलते, सगळं करते हो, पण मनात राग असतो. चर्चमध्ये पाळक प्रीतीवर बोलायला लागले की मान वर करवत नाही."

मी तिला बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला १३ वा अध्याय काढायला सांगितला, तो प्रीतीवरच आहे. तिला तो पाठच होता, तिनेच मला तिसऱ्या वचनावर अडवलं, की सगळं दान केलं आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही, मग माझं काय? बरोबर होतं तिचं. पण पुढे वाच म्हटलं. आपण "प्रीती सहनशील आहे" असं वाचतो म्हणून तो स्वभाव वाटतो, मूळ ग्रीकमध्ये मात्र ४ ते ७ वचनांत सगळी क्रियापदं आहेत. प्रीती धीर धरते, भलं करते, वाईटाचा हिशेब ठेवत नाही. सगळ्या करायच्या गोष्टी. राग असताना तू पेज गार करून भरवतेस ना, मग तू प्रीती करतेच आहेस.

ती खूप रडली त्या दिवशी.

मग आम्ही एकच काम ठरवलं, दर मंगळवारी सासूबाईंची नखं कापायची, बाकी काही नवीन नाही. त्यांची डावी मूठ कायम आवळलेली असायची, नखं तळव्यात रुतून वळ उठलेले, आतून वास यायचा. कोमट पाण्यात हात ठेवून एकेक बोट हळूहळू उघडायचं, पुसायचं, कापायचं. पहिल्या वेळी पाऊण तास लागला आणि त्या पूर्ण वेळ तोंडाने चालूच होत्या. ही गप्प राहिली, म्हणाली "ताई, बोटाकडे बघत होते म्हणून बोलणं लागलं नाही."

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मडगावच्या दिराला रविवारी मदतीला बोलवायचं म्हटलं तर ती म्हणे ते प्रेमात बसत नाही, आपण कमी पडलो असं होतं. लूकच्या शुभवर्तमानात १० व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला चांगला शोमरोनी आठवा, वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या अनोळखी माणसाला मदत करणारा. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस घातला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, एक रात्र काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देऊन सांगितलं, ह्याची काळजी घे, जास्त लागलं तर परत येताना देईन. दीनार म्हणजे तेव्हा मजुराची एका दिवसाची मजुरी. तो स्वतः तिथे बसून राहिला नाही, तरी येशूने उदाहरण त्याचंच दिलं. तिने दिराला फोन केला, तो कुरकुरला, पण येतो आता महिन्यातून दोन रविवार. (घरात मारहाण, धमक्या असतील तर मात्र हे काहीच लागू नाही, तिथे आधी सुरक्षित जागी जायचं.)

सासूबाई गोड झाल्यात असं नाही. परवा पेजेत मीठ कमी म्हणून वाटी ढकलली. पण त्याच आठवड्यात ही कामावरून दमून येऊन नुसती बसली होती, तर आतून हाक आली, "आज मंगळवार ना गं? टॉवेल आण."