कामाचा दौरा आणि आवडत्या निवेदिकेचा स्टुडिओ

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : पुढील महिन्यात कंपनीच्या कामासाठी मी परदेशातील एका मोठ्या शहरात आठवडाभर जाणार आहे. ज्यांचे कार्यक्रम मी अनेक वर्षे न चुकता ऐकत आणि पाहत आलो आहे, अशा काही जणांची कामाची ठिकाणे त्याच शहरात आहेत. त्यांत एक रेडिओ निवेदिका आहे, रात्रीच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा सूत्रसंचालक आहे, वृत्तपत्रात स्तंभ लिहिणारा एक पत्रकार आहे आणि मिळून पॉडकास्ट करणारे दोन मित्र आहेत. बैठका आटोपल्यावर या साऱ्या ठिकाणी जाऊन यावे, असे मनापासून वाटते. सहकाऱ्यांना हा पोरकटपणा वाटतो. असे करणे योग्य आहे का, आणि करायचे झाल्यास कसे जमवावे?

उत्तर : आपल्या इच्छेत पोरकट असे काहीही नाही. ज्या आवाजाच्या सोबतीने आपली कित्येक वर्षांची सकाळ सुरू झाली, तो आवाज कोणत्या खोलीतून निघतो हे पाहावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी नीट ठरवून घ्यावी. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ साली एका निबंधात प्रेक्षक आणि पडद्यावरील व्यक्ती यांच्यातील एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले होते. निवेदक आपल्याशीच बोलतो आहे असे आपल्याला वाटत राहते, त्याच्या लकबी आणि आवडीनिवडी आपल्याला पाठ होतात, पण त्याला आपले नावही ठाऊक नसते. त्यामुळे आपण स्वागतकक्षात पाऊल ठेवाल तेव्हा आपल्या दृष्टीने ती जुन्या परिचिताची भेट असेल आणि समोरच्या व्यक्तीच्या दृष्टीने ती एका अनोळखी माणसाची, कामाच्या वेळेत झालेली, पहिली भेट असेल. हे भान ठेवले की बाकीचे निर्णय घेणे फारसे अवघड जात नाही.

पहिला निर्णय यादीचा. आठवडाभराच्या कामाच्या दौऱ्यात एक भेट नीट होते, फार तर दोन. चारही ठिकाणे धरली तर कामही अर्धवट राहते आणि भेटीही. निवड करताना आधी पाहावे की कोणते दार पाहुण्यांसाठी खरोखरच उघडे आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये एनबीसी या अमेरिकी प्रसारण कंपनीने १९३३ सालापासून लोकांना आपले स्टुडिओ दाखवायला सुरुवात केली. तेथील ‘८-एच’ हा स्टुडिओ मुळात रेडिओसाठी बांधलेला. १९३७ पासून विख्यात संगीत-संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांचा वाद्यवृंद तेथून प्रसारित होत असे आणि १९७५ पासून तेथे ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम होतो. त्याच परिसरात ‘टुडे’ या सकाळच्या कार्यक्रमाचा काचेच्या भिंतींचा स्टुडिओ रस्त्याच्या पातळीवर आहे आणि लोक चौकात उभे राहून तो कार्यक्रम पाहतात. अशा ठिकाणी पाहुण्यांची सवय असते, मार्ग आखलेला असतो आणि आपल्या येण्याने कोणाच्याही कामाचा खोळंबा होत नाही.

दुसरे म्हणजे, पत्ता आजचा आहे की कालचा, याची खातरजमा करावी. जुन्या मुलाखतींत आणि कार्यक्रमांच्या शीर्षकदृश्यांत दिसलेल्या इमारती मनात इतक्या पक्क्या बसतात की त्या आता रिकाम्या झाल्या असतील, अशी शंकाही येत नाही. लंडनचे बीबीसी टेलिव्हिजन सेंटर १९६० मध्ये सुरू झाले आणि २०१३ मध्ये बीबीसीने ते सोडले. सकाळचा ‘ब्रेकफास्ट’ कार्यक्रम तर २०१२ पासून लंडनहून नव्हे, मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डहून होतो. त्याच्या निवेदकांसाठी लंडनमध्ये संध्याकाळ मोकळी ठेवणाऱ्याची निराशाच होईल. टोकियोतील एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचे, पाहुण्यांसाठीचे स्टुडिओ पार्क २०२० मध्ये बंद झाले. अटलांटातील सीएनएनच्या मुख्यालयाची फेरी एके काळी पर्यटकांच्या आवडीची होती. तीही त्याच वर्षी थांबली आणि पुढे वाहिनीने ती इमारतही सोडली.

आता वेळेविषयी, कारण बहुतेकांचे बेत येथेच फसतात. ‘बैठका आटोपल्यावर’ असे आपण लिहिले आहे, पण रात्रीचे कार्यक्रम सहसा रात्री होतच नाहीत. न्यूयॉर्कमधील ‘टुनाइट शो’ रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी प्रसारित होत असला तरी त्याचे चित्रीकरण त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास होते आणि प्रेक्षकांना त्याच्याही बरेच आधी हजर व्हावे लागते. म्हणजे ज्या दिवशी आपली बैठक चारपर्यंत आहे, तो दिवस त्या सूत्रसंचालकासाठी बाद झाला. अशा कार्यक्रमांची तिकिटे बहुधा मोफत असतात, परंतु ऐन वेळी न येणारे गृहीत धरून ती आसनांपेक्षा अधिक वाटली जातात, त्यामुळे तिकीट हातात असूनही परत फिरावे लागू शकते. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’साठी तर संपूर्ण हंगामाचे अर्ज केवळ ऑगस्ट महिन्यात ईमेलने स्वीकारले जातात. पुढच्या महिन्यात निघणाऱ्या माणसाने अशा कार्यक्रमावर दौऱ्याची आखणी करू नये.

उलट सकाळचा रेडिओ कामाच्या दौऱ्याला फार सोयीचा. निवेदक पहाटे येतात, नऊ-दहाच्या सुमारास त्यांचा कार्यक्रम संपतो, मग पुढच्या दिवसाच्या तयारीची छोटी बैठक होते आणि त्यानंतर त्यांना थोडी उसंत मिळते. आपली पहिली बैठक दुपारी असेल असा एक दिवस निवडून त्या निवेदिकेच्या निर्मात्याला पत्र लिहावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. आपल्या यादीतील सर्वांत शक्य आणि बहुधा सर्वांत समाधान देणारी भेट हीच असेल. पत्र निवेदिकेच्या वैयक्तिक खात्यावर न पाठवता वाहिनीने श्रोत्यांसाठी दिलेल्या पत्त्यावर किंवा निर्मात्याच्या नावे, किमान तीन आठवडे आधी पाठवावे. आपण कोण, कोणत्या दोन-तीन तारखांना त्या शहरात आहात, पंधरा मिनिटे पुरतील हे आणि कोणता भाग ऐकून काय मनात राहिले, एवढेच आठ-दहा ओळींत लिहावे. ‘सोयीचे नसल्यास कृपया संकोच करू नये’ हे वाक्य जरूर घालावे, कारण नकार देणे सोपे करून दिले की होकारही मोकळेपणाने मिळतो. उत्तर न आल्यास एकदाच आठवण करावी. दुसऱ्यांदा करू नये.

आत प्रवेश मिळालाच तर काय दिसेल, हे आधी ठाऊक असलेले बरे. स्टुडिओला लागोपाठ दोन जड दारे असतात. पहिले पूर्ण बंद झाल्याखेरीज दुसरे उघडायचे नसते, कारण मधली लहानशी जागा बाहेरचा आवाज अडवण्यासाठीच ठेवलेली असते. दारावरचा तांबडा दिवा लागलेला असताना मायक्रोफोन चालू असतो आणि तो खिशातल्या नाण्यांचा, बांगड्यांचा, चाकांच्या खुर्चीच्या करकरीचा आवाजही टिपतो. गाणे लागले की निवेदिका मोकळी झाली असे बाहेरच्या माणसाला वाटते, पण खरी धावपळ त्याच वेळी असते : समोरच्या पडद्यावर गाण्याचे उरलेले सेकंद उलटे मोजले जात असतात, हेडफोनमधून निर्माता पुढच्या पाहुण्याविषयी सांगत असतो आणि तिची नजर पुढच्या मजकुरावर असते. त्या दोन-तीन मिनिटांत तिच्याशी बोलायला जाऊ नये. काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये गप्प बसून हे सारे पाहण्यातच भेटीचा खरा आनंद आहे. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागावी, आणि मिळाल्यावरही मागच्या पडद्यावर कार्यक्रमाचा क्रम, श्रोत्यांचे दूरध्वनी क्रमांक किंवा अद्याप जाहीर न झालेल्या पाहुण्याचे नाव दिसत नाही ना, ते पाहावे.

स्तंभलेखकाच्या बाबतीत मी आपल्याला विशेष सावध करू इच्छितो. तो पत्रकार आहे आणि आपण त्या शहरात एका कंपनीचे प्रतिनिधी म्हणून गेलेले आहात. आपल्या मनात ती चाहत्याची भेट असली तरी ‘आपण येथे कशासाठी आला आहात?’ हा साधा प्रश्न तो कुतूहलापोटीही विचारील, आणि आपल्या उत्तरात एखादा न झालेला करार किंवा ग्राहकाचे नाव सहज निघून जाईल. बोलणे प्रसिद्धीसाठी नाही, हे बोलणे सुरू होण्यापूर्वी दोघांनी मान्य केलेले असावे लागते; बोलून झाल्यावर तशी विनंती केली तर ती पाळण्याचे बंधन पत्रकारावर नसते. माध्यमांशी कोणी बोलावे याविषयी बहुतेक कंपन्यांचे नियम असतात, ते वाचून घ्यावेत. वृत्तपत्राच्या कार्यालयात संध्याकाळ ही पाने लावण्याची वेळ असते, तेव्हा तसेही तिकडे जाऊ नये. त्या स्तंभलेखकाचे एखादे जाहीर व्याख्यान असेल तर तेथे जाऊन भेटणे दोघांच्याही हिताचे.

पॉडकास्टचे उत्तर थोडक्यात देता येते. अनेक पॉडकास्ट घरच्याच एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रित होतात, आणि घर हे कामाचे ठिकाण झाले म्हणून पाहुण्यांना खुले होत नाही. त्यांनी स्वतः बोलावले नसेल तर पत्ता शोधूच नये.

कंपनीपासून काहीही लपवू नये, हेही सांगायला हवे. वरिष्ठांना आधीच कळवावे. भेटीसाठी एखादा दिवस वाढवत असाल तर त्या दिवसाची रजा, मुक्काम आणि परतीच्या तिकिटातला वाढीव फरक आपल्या खर्चाने करावा व हॉटेलचे बिल वेगळे घ्यावे. कंपनीने काढलेला प्रवासविमा वाढीव दिवसांना लागू आहे का, हे लेखी विचारावे. व्हिसाची अटही पाहावी : ब्रिटनच्या सर्वसाधारण अभ्यागत व्हिसात कामाच्या बैठका आणि पर्यटन दोन्ही बसतात, अमेरिकेचा बी-१ कामासाठी व बी-२ पर्यटनासाठी असून दोन्ही बहुधा एकत्रच दिले जातात, तर युरोपातील शेंगेन देशांत (ज्यांचा अल्पमुदतीचा व्हिसा सामाईक आहे) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या मुक्कामाची मर्यादा मोजली जाते. आणि भेटीची विनंती कंपनीच्या ईमेलवरून कधीही करू नये, कारण आपली कंपनी त्या वाहिनीची जाहिरातदार असेल तर साध्या विनंतीलाही दडपणाचे रूप येते.

प्रश्न : पत्राला उत्तर आले नाही, तर इमारतीबाहेर थांबून निवेदक बाहेर पडताना दोन शब्द बोलावेत का?

उत्तर : कर्मचाऱ्यांच्या दाराशी थांबू नये. सार्वजनिक पदपथावरून इमारत पाहण्यास, तिचे छायाचित्र घेण्यास सहसा हरकत नसते आणि त्यातही आनंद आहेच. परंतु काम संपवून घरी निघालेल्या व्यक्तीला, विशेषतः एकट्या स्त्रीला, वाट पाहत उभा असलेला अनोळखी माणूस दिसला तर त्याचा हेतू चांगला आहे हे तिला कळण्याचा मार्ग नसतो. योगायोगाने समोरासमोर आलात तर ‘आपला कार्यक्रम आवडतो’ एवढे बोलून चालू लागावे. तिला थांबायचे असेल तर ती थांबेल.

प्रश्न : चित्रीकरणाला माझ्यासोबत ग्राहक कंपनीच्या अधिकाऱ्याला नेले तर चालेल का? तेवढीच ओळख वाढेल.

उत्तर : त्या अधिकाऱ्यालाही तो कार्यक्रम आवडत असेल तरच न्यावे. तिकीट मोफत असल्याने भेटवस्तूंच्या नियमांचा प्रश्न सहसा येत नाही, पण त्याची सबंध दुपार त्यात जाते आणि फोन बंद ठेवावा लागतो, हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे. नाव नोंदवताना त्याचे नाव ओळखपत्रावर जसे आहे तसेच द्यावे आणि प्रवेश न मिळाल्यास दोघांनी कोठे जाऊन बसायचे, ती जागा आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी.