नाना मुस्कुरी कोण? काळ्या फ्रेमच्या चष्म्यातली ती ग्रीक गायिका का?

हो, तीच. जन्म 1934 चा, क्रीट बेटावरच्या हानिया गावचा. वडील सिनेमा थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. अथेन्सच्या संगीत विद्यालयात ती शास्त्रीय गाणं शिकत होती, पण रात्री जॅझ गाते हे कळल्यावर तिथली दारं बंद झाली. ते एका अर्थी बरंच झालं, कारण पुढे संगीतकार मानोस हाजिदाकिस भेटले आणि त्यांच्या चालींनी तिचं नाव ग्रीसभर झालं. 1961 मध्ये अथेन्सच्या पांढऱ्या गुलाबांवरचं तिचं जर्मन गाणं दहा लाखांवर खपलं. मग पॅरिस, अनेक भाषांत गाणी, 1963 ला युरोव्हिजन या युरोपीय गाण्यांच्या स्पर्धेत लक्झेंबर्गतर्फे हजेरी. 1994 ते 99 युरोपीय संसदेतही होती.

मला ती आवडते ती तिच्या उभं राहण्यामुळे. मध्ये भांग पाडलेले सरळ केस, जाड काळी फ्रेम, हातवारे जवळपास नाहीतच. सगळं काम त्या स्वच्छ आवाजाचं. चष्मा काढ म्हणणारे भेटले, तिने काढला नाही. 2024 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी, अथेन्समध्ये ऑलिम्पिक ज्योत पॅरिसच्या हवाली करताना ती राष्ट्रगीतं गायली. तो व्हिडिओ जरूर बघा.