वाचकांचे प्रश्न : पुण्यातील शस्त्रक्रिया आणि अमेरिकी लष्करी आरोग्यविमा

प्रश्न : माझे पती अमेरिकी नौदलात सेवेत आहेत. आम्ही सॅन डिएगोला राहतो आणि आमची नोंदणी ‘ट्रायकेअर’ या अमेरिकी लष्करी आरोग्यविम्याच्या ‘प्राइम’ योजनेत आहे. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन मी पुण्याला माहेरी आले असताना त्याच्या पोटात एकाएकी असह्य कळा येऊ लागल्या आणि त्याच रात्री अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली. तो आता बरा आहे. रुग्णालयाने ‘पॅकेज’ म्हणून १,८५,००० रुपयांचे एकरकमी बिल दिले. त्यातले काही पैसे मी माझ्या कार्डाने भरले, उरलेले माझ्या भावाने यूपीआयने भरले. हे पैसे परत मिळतील का? आधी परवानगी घ्यायला हवी होती का? माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रियाही याच विम्यातून होऊ शकेल का?

उत्तर : परवानगीची चिंता करू नका. तातडीच्या उपचारांसाठी ट्रायकेअरची पूर्वपरवानगी लागत नाही. अपेक्षा एवढीच असते की रुग्ण दाखल झाल्यावर चोवीस तासांत किंवा कामकाजाच्या पुढच्या दिवशी ती माहिती प्राइम योजनेत तुम्हाला नेमून दिलेल्या डॉक्टरांना कळवावी. ते राहून गेले असेल तर आजच कळवा. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या मात्र ‘तातडीच्या’ समजल्या जात नाहीत. त्यासाठी पुण्यात राहूनही फोनवरून ट्रायकेअरची आधी मंजुरी घ्यावी. प्राइममधील कुटुंबाने मंजुरीविना असे उपचार घेतले, तर ठरावीक वजावटीनंतर (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम) निम्मा खर्च स्वतःच सोसावा लागू शकतो.

माझी खरी काळजी तुमच्या बिलाची आहे. दाव्याची छाननी करणाऱ्यांना प्रत्येक सेवेची तारीख, तिचे स्वरूप आणि तिची वेगळी किंमत पाहायची असते, त्यामुळे ‘अपेंडिक्स पॅकेज’ एवढ्या एका ओळीवर त्यांचे समाधान होत नाही. पुणे सोडण्यापूर्वी रुग्णालयाच्या बिलिंग विभागात स्वतः जाऊन शस्त्रक्रियागृह, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, खोलीभाडे, रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि औषधे यांचे आकार वेगवेगळे दाखवणारे तपशीलवार बिल मागा. त्यावर रुग्णालयाचे नाव व पत्ता, मुलाचे पासपोर्टवरचे पूर्ण नाव आणि निदान असावे. हे काम भावावर सोपवून परत जाऊ नका, कारण एकदा अमेरिकेला पोहोचल्यावर असे बिल मिळवणे फार कठीण होते. डिस्चार्ज कार्डाची प्रतही घ्या. औषधांच्या बाबतीत इथली व्यापारी नावे तिकडे ओळखीची नसतात, म्हणून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि संख्या लिहून घ्यावी. तारखांमधला महिना अक्षरांत लिहून घ्या, कारण आपण ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट समजतो आणि अमेरिकेत तोच आकडा आठ मे असा वाचला जातो.

परदेशातील दाव्यासोबत पैसे भरल्याचा पुरावाही द्यावा लागतो. तुमच्या रकमेसाठी रुग्णालयाची पावती आणि कार्डाचे विवरणपत्र जोडा. भावाने भरलेल्या रकमेसाठी त्याच्या बँक खात्याचा उतारा, ती रक्कम त्याने तुमच्या वतीने भरल्याचे सही केलेले पत्र आणि शक्य असल्यास तुम्ही ती त्याला परत केल्याची बँकेतील नोंद जोडावी. रोखीने पैसे भरणाऱ्या वाचकांनी ते बँकेतून काढल्याची पावती जपून ठेवावी.

दाव्याचा अर्ज ‘डीडी २६४२’ या क्रमांकाचा आहे. तुम्ही कॅलिफोर्नियात राहत असलात तरी उपचार भारतात झाले असल्याने तो तिकडे तुमच्या विभागात ट्रायकेअरचे काम पाहणाऱ्या कंपनीकडे न पाठवता ट्रायकेअरच्या परदेशी दाव्यांच्या कार्यालयाकडे पाठवायचा असतो. अर्जावर सही करायला विसरू नका आणि पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा. दुसरा आरोग्यविमा असेल तर आधी त्याच्याकडे दावा करून त्याचा निर्णय जोडावा लागतो. अमेरिकेतील उपचारांसाठी मुदत एक वर्षाची असते, तर परदेशातील उपचारांसाठी ती उपचारांच्या तारखेपासून तीन वर्षांची आहे. पण उशिरा जागे झाल्यास कागद मिळत नाहीत, हे ध्यानात घेऊन लगेच दावा करा. रुपयांचे डॉलर उपचार संपल्याच्या दिवसाच्या विनिमय दराने होतात. दावा नाकारला गेला तर निर्णयपत्राच्या तारखेपासून नव्वद दिवसांत अपील करता येते. तपशील अपुरा म्हणून नकार आला असेल, तर पूर्ण कागद जोडून अवश्य पुन्हा दाद मागावी.

आईंबद्दलचे उत्तर तुम्हाला निराश करील. सैनिकाचे आईवडील किंवा सासूसासरे त्याच्यावर अवलंबून असले तरी ट्रायकेअर त्यांच्या खासगी रुग्णालयातील उपचारांचा खर्च देत नाही. या विम्याच्या भरवशावर शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नका.

प्रश्न : मी अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालो असून वय ६८ आहे. दर हिवाळ्यात कोल्हापूरला येतो. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्यविमा, भारतात चालत नाही; मग तिच्या ‘भाग ब’चा (डॉक्टर व बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) हप्ता बंद करावा का?

उत्तर : मुळीच करू नका. मेडिकेअर भारतातील उपचारांचे पैसे देत नाही हे खरे, पण तिथे ‘ट्रायकेअर फॉर लाइफ’ ही मेडिकेअर असलेल्या निवृत्तांसाठीची ट्रायकेअरची योजना हाच तुमचा पहिला विमा ठरतो आणि तो चालू राहण्यासाठी मेडिकेअरचा ‘भाग अ’ (रुग्णालयातील उपचारांचा) व ‘भाग ब’ दोन्ही असावे लागतात. हप्ता थांबवून ‘भाग ब’ बंद झाला तर कोल्हापुरातील संरक्षणही जाते. परदेशात तुमच्यावर ‘ट्रायकेअर सिलेक्ट’ या ट्रायकेअरच्या दुसऱ्या योजनेचे निवृत्तांसाठीचे नियम लागू होतात, म्हणजे वार्षिक वजावटीनंतर बाह्यरुग्ण उपचारांच्या मान्य खर्चातील साधारण पंचवीस टक्के वाटा तुमचा राहतो.