वर्धेच्या काठावरून, समुद्राकडे निघालेल्या मुलीला

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी तुझे बाबा आले होते. दारातच उभे राहिले, चपलाही काढेनात. म्हणाले, "मॅडम, पोरीले जराशी समजावून सांगा. थे लय दूर चालली. तुमी सांगसान त ऐकन थे." तुला अडवावं असं त्यांच्या मनात होतं. मी अडवणार नाही हे त्यांना चहा देतानाच सांगितलं, पण पत्र लिहीन असं कबूल केलं.

तू जा. स्वतःच्या पगारातून पैसे साठवून थायलंडमधलं बँकॉक, फुकेत, क्राबी आणि पुढे व्हिएतनाम बघायला निघालीस, याचा मला फार आनंद झाला. तुला सातवीत भरती-ओहोटी मी फळ्यावर शिकवली. चंद्र काढला, पृथ्वी काढली, निळ्या खडूने पाण्याचा फुगवटा काढला. पण मी स्वतः समुद्र पाहिला तो वयाच्या 46व्या वर्षी. तोवर वीस वर्षं न पाहिलेली गोष्ट शिकवत होते. आपल्या आर्वीकडच्या माणसाला पाणी म्हणजे वर्धा नदी, विहीर आणि उन्हाळ्यात टँकर. तुझ्या पिढीने तरी लवकर जावं.

माझ्याबाबतीत घडलेली एक गोष्ट तुला सांगायची आहे. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी मी फुकेतला गेले होते. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जूनचा पहिला आठवडा धरला. तेव्हा तिकडे सगळं स्वस्तही होतं. किनाऱ्यावर लाल झेंडा फडकत होता. कशाचा असेल, कुणाला विचारावं, असं मनात आलं. पण आपण भूगोलाच्या बाई, आणि विचारायचं कसं? इंग्रजीही अडखळत. लाज वाटली. साडी खोचून मांडीएवढ्या पाण्यात गेले. पायाखालची वाळू सरकणे हा वाक्प्रचार तुम्हाला मी वाक्यात उपयोग करायला द्यायची, तो मी त्या दिवशी अंगावर घेतला. टाचांखालून वाळू खरोखर निघून चालली होती आणि पाणी मला आत ओढत होतं. कापलेले आंबे विकणारी एक बाई टोपली टाकून कपड्यांनिशी पाण्यात धावली आणि तिने माझं मनगट धरलं. काठावर आणून झेंड्याकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे बघून कितीतरी वेळ मान हलवत राहिली. तिच्या पकडीचे वळ दोन दिवस माझ्या हातावर होते.

मी पोहायला येत नाही म्हणून नव्हे, विचारायची लाज वाटली म्हणून बुडत होते. हीच लाज आपल्याकडच्या पोरींना जास्त असते. खेड्यातून आलो हे कुणाला कळू नये म्हणून आपण सगळं माहीत असल्यासारखं वागतो. नदीला पूर आला की गावातला म्हाताराही उतार कुठे आहे हे पलीकडच्या माणसाला ओरडून विचारतो. तसं विचारत जा, बेटा. मोडकं इंग्रजी, हातवारे, काहीही चालेल.

आता झेंड्याचं सांगते. मे ते ऑक्टोबर फुकेत-क्राबीच्या बाजूला आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा असतो. लाटा पाणी काठावर आणून टाकतात आणि ते पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात परत जातं. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. संथ पाणी खोल असतं हे नदीकाठी आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. समुद्रावर मात्र विसरायला होतं. ओढली गेलीस तर काठाकडे झुंजू नकोस, दमशील. तरंगत राहा, हात वर कर, आणि काठाला समांतर, आडवी पोहत त्या ओढीतून बाहेर पड. तू विहिरीत कॅन बांधून पोहायला शिकलीस, तुला जमेल. लाल झेंडा असला की पाण्यात पाऊलही नाही. लाल-पिवळे झेंडे लावले असतील तर त्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं.

दिवाळी झाली की निघणार म्हणालीस. तिकीट काढलं नसेल तर फेब्रुवारीवर टाक. नोव्हेंबरमध्ये फुकेतकडचा पाऊस ओसरतो खरा, पण व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर तेव्हा ईशान्येचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन डोंगरांवर आपटत असतात. दा नांग, होई आन दोन्ही पावसात, होई आनच्या जुन्या गल्ल्यांत कधी कधी होड्या चालतात. फेब्रुवारीत दोन्हीकडे उघडीप असते. शिवाय बाबांच्या कापसाचे पैसेही तोवर हातात आलेले असतील, त्यांचा जीव जरा थाऱ्यावर असेल.

होई आनला गेलीस की एक सकाळ जवळच्या "मी सोन" या जुन्या देवळांच्या जागेसाठी राखून ठेव. तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकांत बांधलेली शिवाची विटांची देवळं आहेत, अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात बरीच पडली. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजी केली, आणि 2020 साली त्याच कामात एक अखंड दगडी शिवलिंग सापडलं. बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. तिथे भलंमोठं समुद्रमंथन उभं आहे, देव-दानव वासुकीला ओढताहेत. राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळात भिंतींवर 178 चित्रांत त्यांचं रामायण आहे. थाई लोक त्याला रामाकियेन म्हणतात. "सवात्दी" म्हणून तुला कुणी हात जोडले तर त्यात आपलं "स्वस्ति" आहे हे लक्षात ठेव. मला हे कळलं तेव्हा परदेशात आल्याचं दडपण एकदम उतरलं होतं. देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बाटच्या नोटेवर राजाचं चित्र असतं, पडली तर पायाने अडवू नकोस. राजाच्या अपमानाला तिथे 15 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

स्कूटर भाड्याने घेणार, हे मी गृहीतच धरते. इथून आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ने, दुचाकीचा. तो थायलंडमध्ये चालतो. व्हिएतनाममध्ये चालत नाही, कारण आपला परवाना 1949 च्या कराराखालचा आणि ते 1968 च्या कराराखालचा मानतात. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आणि गाडीवाल्याकडे पासपोर्ट गहाण ठेवू नकोस. रोख अनामत दे, नाहीतर दुसरा दुकानदार बघ.

बाबांसमोर रात्रीचं बोलता आलं नाही, म्हणून ते इथे लिहिते. आपला जिल्हा सेवाग्राम-पवनारचा, दारूबंदीचा. बंदी असूनही कुठल्या नाल्याकाठी भट्टी पेटते हे अख्ख्या गावाला माहीत असतं. चारचौघांत, उजेडात, हातात ग्लास घेऊन हसत बसलेल्या बाया तू पाहिलेल्या नाहीस. बघ. फुकेतमधल्या पाटाँगची बांगला रोड संध्याकाळी गाड्यांना बंद होते आणि सगळा रस्ता माणसांचा होतो. गाणी, दिवे, तळणीचा वास, जगभरची पोरं. मीही एकदा रात्री अकरापर्यंत तिथे फिरले आणि मला मजा आली. नाचावंसं वाटलं तर नाच.

घ्यायची की नाही हे तू ठरव, तू मोठी आहेस. पण आपल्याकडे हातभट्टीने लोकांचे डोळे जातात ते का, हे समजून घे. भेसळीच्या दारूत मिथेनॉल नावाचा विषारी अल्कोहोल असतो, त्याला वेगळी चव नसते. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर जातं. सुरुवातीला साधी नशा वाटते. बारा-चोवीस तासांनी उलट्या, पोटदुखी आणि नजरेपुढे पांढरं धुकं. नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसच्या वांग व्हिएंगमध्ये अशानेच सहा पर्यटक गेले, त्यातल्या दोघी ऑस्ट्रेलियाच्या, जेमतेम एकोणीस वर्षांच्या. त्या पोरींचे फोटो पेपरात पाहिले तेव्हा मला वर्गातल्या बाकावरच्या तुम्ही दिसलात. म्हणून सांगते, तुझ्यासमोर उघडलेली सीलबंद बाटली किंवा कॅन, बस. फुकट वाटलेले छोटे ग्लास नकोत, वाळूत विकतात त्या दारूच्या बादल्या नकोत. ग्लास टेबलावर ठेवून गेलीस तर परत आल्यावर तो तुझा नाही. डोळ्यांत धुकं आलं तर झोपून बघू नकोस, त्याच तासाला दवाखाना गाठ. वेळेत पोचलं तर त्यावर उपचार आहेत. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी 1669, पर्यटक पोलिसांसाठी 1155. दोन्ही नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेव, मोबाइलची बॅटरी संपते.

आणखी एक. पार्टीत ओळख होऊन कुणी "इथेच चांगली ऑफिसची नोकरी आहे, सीमेजवळ" म्हणालं तर तिथूनच परत फिर. सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्याव्वडीच्या कुंपणांत पोरांना डांबून त्यांच्याकडून फोनवर फसवणूक करवून घेतात. मार्च 2025 मध्ये आपल्या सरकारने हवाई दलाच्या विमानांनी अशा 549 जणांना परत आणलं. घरची परिस्थिती सुधारावी म्हणून गेलेली, तुझ्यासारख्याच घरांतली पोरं.

व्हिएतनामी पैशांत 20,000 आणि 500,000 च्या दोन्ही नोटा निळ्या असतात. अंधारात देताना शून्यं मोज.

बाबांना रोज फोन कर. दोन मिनिटं बोल, पण रोज एकाच वेळी. ते संध्याकाळी बैल बांधून ओट्यावर बसतात, ती वेळ धर. तिकडे दीड तास पुढे असतं.

माझ्यासाठी काही आणू नकोस. फक्त क्राबीला असताना, पौर्णिमेच्या आसपासच्या एखाद्या दिवशी, ओहोटीला एक फोटो काढ आणि सहा तासांनी त्याच जागेवर उभी राहून भरतीचा दुसरा काढ. चौकट हलू देऊ नकोस, काठावरचा एखादा खडक दोन्हींत दिसला पाहिजे. संध्याकाळी माझ्या ओसरीवर अजून नऊ पोरं येतात. त्यांना फळ्यावरच्या चित्राशेजारी ते दोन्ही लावून दाखवायचे आहेत.

तुझी,
मॅडम